पैसे आले मंदाकिनी आगाशेंच्या खात्यातून

सर्जेराव बनकर निवृत्त झाले तेव्हा कंपनीनं त्यांना शाल, नारळ आणि भिंतीवरचं एक घड्याळ दिलं. घड्याळ त्यांनी दुसऱ्याच दिवशी खोललं. आतली चाकं प्लास्टिकची निघाली, तसं "हॅट्!" म्हणून झाकण पुन्हा बसवलं आणि ते शेजारच्या अंगणवाडीला देऊन टाकलं.

त्यांचं ते ‘हॅट्’ म्हणणं उगाच नव्हतं. सदतीस वर्षं हा माणूस हडपसरच्या एका कारखान्यात टर्नर म्हणून धातू कातायच्या लेथपुढे उभा होता. केसाएवढा फरक त्यांच्या बोटाला कळायचा. घरामागं पत्र्याची शेड होती, तिच्यात एक जुना लहान लेथ होता, आणि जुन्या किल्लीच्या घड्याळांची झिजलेली चाकं पितळेची नवी करून द्यायचा त्यांना नाद होता. चाकाला दाते अठ्ठ्याण्णव असोत की एकशेआठ, शेवटचा दाता पहिल्याला चुकत नसे. गिऱ्हाईक मात्र वर्षाला दोन-तीन. आता किल्लीची घड्याळं उरलीत कुणाकडं?

त्यांची मुलगी भाग्यश्री वारज्याला दिलेली. तिनं एकदा सहज एका चाकाचा फोटो घड्याळवेड्यांच्या कुठल्याशा ग्रुपवर टाकला. तिसऱ्या दिवशी थेट अर्जेंटिनाहून निरोप आला. एस्तेबान नावाचा एक घड्याळजी होता, त्याच्याकडं शंभर वर्षांपूर्वीचं एक घड्याळ चाकावाचून बंद पडलं होतं. त्यानं मापं पाठवली, सर्जेरावांनी चाक कापलं, पोस्टानं पाठवलं, ते महिन्याभरानं पोचलं आणि बसलं. एस्तेबाननं घड्याळाच्या ठोक्यांचा आवाज पाठवला. सर्जेरावांनी तो इंदुबाईंना तीनदा ऐकवला.

अडलं ते पैशापाशी. आमच्याकडून बँकेमार्फत डॉलर बाहेर पाठवायचे म्हणजे फार कटकट आणि फार खर्च, असं एस्तेबाननं लिहिलं. तुमच्याकडं क्रिप्टो चालतं का?

"क्रिप्टो म्हंजे?" इंदुबाईंनी विचारलं. "चोरीचं हाय का काय?"

"चोरीचं कशाला असंल? शिकून बघतो."

आणि शिकले ते. ड्रॉइंग वाचायला शिकले होते तसेच, वही घेऊन. फोनवर एक ॲप घेतलं, त्यावर पॅन आणि आधार चढवलं, मान उजवीकडं-डावीकडं फिरवून स्वतःचा फोटो काढला. यूएसडीटी नावाचं नाणं निवडलं, कारण त्याचा भाव डॉलरला बांधलेला, उगाच आज वर उद्या खाली नाही. प्रत्येकाच्या पाकिटाला एक लांबलचक पत्ता असतो, त्यातलं एक अक्षर चुकलं तर पैसे परत येत नाहीत, हे त्यांनी वहीत लाल शाईनं लिहिलं. पाठवणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं नेटवर्क एकच पाहिजे, नाहीतर गाडी भलत्याच रुळावर जाते, हेही लिहिलं. एस्तेबानला सांगितलं, आधी पाचच पाठव. पाच दोन मिनिटांत आले.

"अर्जेंटिना ते हडपसर दोन मिनटं," ते जेवताना म्हणाले. "हितनं स्वारगेटला जायला तास लागतो."

वर्षभरात एस्तेबानचे दोस्तही गिऱ्हाईक झाले. सतरा चाकं गेली. पाकिटात एकवीसशे नाणी साठली. सर्जेरावांनी त्यांना हात लावला नव्हता, कारण भोसरीतल्या एका बंद पडलेल्या वर्कशॉपमध्ये त्यांनी दाते कापायचं एक जुनं यंत्र बघून ठेवलं होतं. हातानं एक चाक कापायला दोन दिवस लागत. त्या यंत्रावर दोन तास.

तेव्हा नाणी विकून रुपये करायची वेळ आली. वाटा दोन होत्या. एक सरळ, ॲपच्याच बाजारात विकायची, रुपये ॲपमधून बँकेत. दुसरी, माणसानं माणसाला विकायची. घेणारा तुमच्या खात्यात रुपये टाकतो, तोवर तुमची नाणी ॲप अडकवून ठेवतं, रुपये आले की तुम्ही बटण दाबायचं, नाणी त्याला. कर दोन्हीकडं सारखाच, पण दुसऱ्या वाटेला नाण्यामागं अडीच रुपये जास्त मिळत होते. दोन हजार नाण्यांचे पाच हजार झाले. सर्जेरावांनी आयुष्यात ओव्हरटाइम सोडला नव्हता, हे कसं सोडतील?

मंगळवार होता. दुपारचे बारा वाजून गेले होते. इंदुबाई आत भाकरी थापत होत्या. सर्जेराव ओट्यावर ताकाचा पेला घेऊन बसले होते आणि पलीकडं ‘अवधूत ट्रेडर’ नावाचा घेणारा होता. सौदा ठरला. पडद्यावर पंधरा मिनिटांचं घड्याळ उलटं धावायला लागलं. दहाएक मिनिटांत बँकेचा मेसेज आला. एक लाख चौऱ्याऐंशी हजार जमा. पाठवणार, मंदाकिनी श्रीधर आगाशे.

सर्जेरावांचा अंगठा थांबला.

पैसे घेणाऱ्याच्याच नावानं आले पाहिजेत, नाव वेगळं असेल तर बटण दाबू नका, हे ॲपवर लिहिलेलं होतं. त्यांच्या वहीतही होतं. त्यांनी लिहून विचारलं, ‘नाव वेगळं दिसतंय.’

लगेच उत्तर आलं. ‘माझी आई आहे काका. माझ्या खात्याची आजची लिमिट संपली म्हणून तिच्याकडून टाकले. प्लीज लवकर करा, वेळ संपतेय.’

आई आहे. सर्जेरावांना त्यात काही वावगं वाटलं नाही. म्हणजे वाटलं, पण क्षणभरच. पैसे तर आलेले दिसत होते. त्यांनी बटण दाबलं. नाणी गेली. ‘धन्यवाद काका,’ असं आलं आणि तो सौदा संपला. त्या संध्याकाळी घरात बासुंदी झाली.

सहाव्या दिवशी ते हडपसरच्या मंडईत मेथीची जुडी घेत होते. वीस रुपये. फोन क्यूआर कोडला लावला, पैसे गेले नाहीत. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावला तेव्हा भाजीवालीच म्हणाली, "ऱ्हाऊ द्या मामा, उद्या द्या. रेंज नसंल." रेंज होती. सर्जेराव मेथी तिथंच ठेवून बँकेत गेले.

काउंटरवरच्या माणसानं खातं उघडलं, चष्मा वर केला आणि संगणकाचा पडदा किंचित आपल्याकडं वळवून घेतला.

"बनकर, तुमचं खातं गोठवलंय. सायबर क्राइमची तक्रार आहे."

"माझी? मी कुठं तक्रार केली?"

"तुमची नाही. तुमच्याविरुद्ध."

सर्जेरावांना ते शब्द ऐकू आले, पण अर्थ पोचायला वेळ लागला. रांगेतला मागचा माणूस एक पाऊल मागं सरकल्याचं त्यांना जाणवलं.  ते बाजूच्या खुर्चीवर बसले. काउंटरवरच्यानं तक्रारीचा नंबर एका चिठ्ठीवर लिहून दिला. ती चिठ्ठी त्यांनी वाचलीच नाही. नुसती घडी घालत राहिले, उलगडत राहिले, पुन्हा घडी घालत राहिले.

घरी आल्यावर "बँकेचा सर्व्हर बंद हाय" असं ते म्हणाले. इंदुबाईंनी त्यांच्या तोंडाकडं पाहिलं.

"सर्व्हर बंद असल्यावर मान्सं अशी पांढरीफटक पडत्यात व्हय?"

मग सगळं सांगावं लागलं. सांगताना त्यांना स्वतःलाच ते दुसऱ्या कुणाचं तरी वाटत होतं. विरुद्ध. माझ्याविरुद्ध. गावच्या जत्रेत कुणाच्या खिशाला हात लागला म्हणून माफी मागणारा माणूस मी.

संध्याकाळी भाग्यश्री आणि जावई अनिरुद्ध वारज्याहून धावत आले. अनिरुद्ध विम्याच्या ऑफिसात क्लेम बघायचा, त्यामुळं कागद कसे मांडायचे ते त्याला ठाऊक.

"पपा, घाबरायचं काहीच कारण नाही. तुम्ही माल दिलाय, त्याचे पैसे घेतलेत. पोस्टाच्या पावत्या आहेत, स्क्रीनशॉट आहेत. फक्त एक करा. ते नाव वेगळं होतं, तुम्ही विचारलं, तो आई म्हणाला, हे काही बोलू नका. माझं लक्षच गेलं नाही म्हणा. वय झालंय, चालून जातं."

"चॅटमधी हाय की ते."

"विचारल्याशिवाय दाखवू नका. एवढंच."

दुसऱ्या दिवशी सर्जेराव फाइल काखेत मारून सायबर पोलिसांकडं गेले. उपनिरीक्षक स्पृहा नाईकनवरे म्हणून एक तिशीच्या बाई होत्या. आवाज चढवणाऱ्या नव्हत्या. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं आणि फाइल पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत बघितली. चाकांचे फोटो जरा जास्त वेळ बघितले.

"हे तुम्ही हातानं करता?"

"हो."

"बरं. मंदाकिनी आगाशेंना ओळखता?"

"मी न्हाई ओळखत. त्या अवधूतची आई."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "काका, त्यांना मूलबाळ नाही."

सर्जेरावांनी फाइल पुन्हा आपल्याकडं ओढली. 

बाईंनी सांगितलं ते असं. मंदाकिनी आगाशे, वय एकाहत्तर, निवृत्त शिक्षिका, बिबवेवाडीत एकट्या राहतात. सोमवारी सकाळी त्यांना फोन आला की तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडलेत. मग व्हिडिओवर खाकीतला एक माणूस आला. फोन बंद करायचा नाही, कुणाशी बोलायचं नाही, दार उघडायचं नाही, तुम्ही आता अटकेत आहात. दोन दिवस त्या बाई त्या फोनसमोर बसून होत्या. जेवताना समोर फोन, झोपताना उशाशी फोन. तपास होईपर्यंत सगळे पैसे ‘सुरक्षित खात्यात’ टाका म्हणून सांगितलं. पाच खात्यांचे नंबर दिले. त्यातलं चौथं खातं सर्जेराव बनकरांचं.

"म्हंजे... मंगळवारी दुपारी..."

"बारा वाजून वीस मिनिटांनी. तुमचा खाते नंबर त्यांनी कॅलेंडरच्या पाठीवर लिहून घेतला. कोण हे बनकर, असं विचारलंही होतं. सरकारी ऑडिटर आहेत, असं सांगितलं त्यांनी. इकडं त्या पैसे तुम्हाला पाठवत होत्या आणि तिकडं तुमची नाणी त्या टोळीला मिळत होती. त्या लोकांनी खिशातून एक रुपया काढला नाही."

बारा वाजून वीस मिनिटं. सर्जेरावांना ओटा दिसला, ताकाचा पेला दिसला, भाकरीचा वास आला. आपण त्या पडद्यावरचं उलटं घड्याळ बघत होतो तेव्हा पाच-सहा मैलांवर एक म्हातारी आपलंच नाव लिहीत होती. दोघांमध्ये ती एकच टोळी बसलेली होती, एकीला ‘मॅडम’ म्हणत आणि दुसऱ्याला ‘काका’ म्हणत.  त्यांनी पाण्याचा पेला उचलला आणि न पिताच ठेवला.

तेवढ्यात दारात एक बाई आल्या. ठेंगण्या, इस्त्रीची सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी. त्यांना जबाबासाठी बोलावलेलंच होतं. नाईकनवरेबाई उठून काही सांगणार, तोच त्यांची नजर सर्जेरावांवर गेली.

"हेच का ते ऑडिटर?"

सर्जेराव ताडकन उठले. हात आपोआप जोडले गेले. 

"बोला ना काहीतरी," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "त्या लोकांचे आवाज मी दोन दिवस ऐकलेत. एकूण तिघं होते. झोपेतसुद्धा ओळखीन. तुमचा ऐकू दे."

"मी... मी सर्जेराव किसन बनकर. हडपसरला ऱ्हातो. मी टर्नर हाय. होतो."

त्या डोळे मिटून ऐकत होत्या.   आयुष्यात कुणी आपल्याला असं तपासलं नव्हतं, साहेबानं नाही, बँकेनं नाही.

"नाही," बाईंनी डोळे उघडले. "यांच्यातला आवाज नाही."

सर्जेराव मटकन खाली बसले. सुटलो, असं वाटायला हवं होतं. पण तसं वाटलं नाही. अनिरुद्धचं बोलणं आठवत होतं. इथं आता गप्प बसलं तरी चाललं असतं, कुणी विचारत नव्हतं.

"मी नाव बघितलं होतं," ते म्हणाले.

नाईकनवरेबाईंनी वर पाहिलं.

"तुमचं नाव आलं मेसेजात. मंदाकिनी श्रीधर आगाशे. घेणारा अवधूत आन् पैशे बाईमाणसाचे. मला खटकलं. मी इचारलंबी त्याला. तो म्हनला आई हाय, आन् मी बटण दाबलं. अडीच रुपयं जास्त मिळत व्हते वो. मी तवा थांबलो असतो तर नाणी ॲपकडंच अडकून ऱ्हायली असती. त्याला घावली नसती. हे घ्या, चॅट." त्यांनी फोन टेबलावर सरकवला. 

मंदाकिनीबाई समोरच्या खुर्चीवर बसल्या. त्यांनी पिशवीचे बंद सरळ केले.

"मीही बघितलं होतं," त्या म्हणाल्या. "त्या खाकीवाल्याच्या मागं भिंतीवर पाटी होती. ‘आयुक्त’मधला यु दीर्घ काढला होता. चौतीस वर्षं मुलांच्या वह्या तपासल्यात मी. पहिल्या मिनिटाला दिसलं. आणि तरी दोन दिवस त्याला साहेब साहेब म्हणत बसले. माणूस घाबरला की दिसलेलं दिसत नाही. तुम्हाला निदान अडीच रुपयांचा मोह तरी होता. मला काय होतं?"



पुढचं सगळं कागदोपत्री झालं. आगाशेबाईंचे एकूण अकरा लाख गेले होते. बाकीच्या चार खात्यांतून ते तासाभरातच पुढं, तिथून पुढं असे पसार झालेले. जिथल्या तिथं पडून होते ते फक्त सर्जेरावांच्या खात्यातले. ते परत द्यायला कोर्टाचा आदेश लागतो, पण तुमची हरकत नसल्याचं लिहून दिलंत तर लवकर होईल, असं नाईकनवरेबाईंनी सांगितलं. आणि हेही सांगितलं, की तुमचीही फसवणूक झालेली आहे, तुम्ही वकील देऊन भांडू शकता, विचार करायला वेळ घ्या.

अनिरुद्ध चिडला. "पपा, वर्षाची मेहनत आहे तुमची! तुमचा काय गुन्हा?"

"गुन्हा न्हाई. पण पैशे तिचे हायेत."

"आणि तुमची नाणी?"

"ती गेली."

अनिरुद्धनं सासूबाईंकडं पाहिलं. इंदुबाई तांदूळ निवडत होत्या. "त्या मशिनीवर रोज त्या बाईचं तोंड दिसंल त्येस्नी," त्या मान वर न करता म्हणाल्या. "नको ती घरात." विषय तिथंच संपला.

सर्जेरावांनी लिहून दिलं. तीन आठवड्यांनी त्यांचं बाकीचं खातं मोकळं झालं. भोसरीचं यंत्र दुसऱ्या कुणी नेलं. ‘अवधूत’ पकडला गेला. तो दुसऱ्याच जिल्ह्यातला एक कॉलेजचा पोरगा होता. थोड्या हजारांसाठी त्यानं आपला आधार आणि ॲपचं खातं कुणाला तरी वापरायला दिलं होतं. तो कोण, याचा पत्ता लागला नाही. चार महिन्यांनी कोर्टाचा आदेश होऊन पैसे आगाशेबाईंच्या खात्यात परत गेले. अकरापैकी तेवढेच.

एस्तेबानला हे सगळं लिहून कळवलं तेव्हा त्याचं एक दिवस उत्तरच आलं नाही. मग आलं की मी हे बायकोला वाचून दाखवलं, तिला खरं वाटेना. पुढच्या चाकाचे पैसे कसे पाठवू? सर्जेरावांनी लिहिलं, तसेच पाठव. नाण्यात खोट नव्हती. मी ती ॲपच्या बाजारात विकीन, मिळतील तेवढे मिळतील.

शेडमध्ये लेथ पुन्हा सुरू झाला. पण फोन टिंग वाजला की सर्जेरावांचा हात अजून थबकायचा. फिरत्या पात्यापाशी हात थबकणं बरं नव्हे, म्हणून ते काम करताना फोन इंदुबाईंकडं देऊ लागले.

एका सकाळी इंदुबाईच फोन घेऊन शेडमध्ये आल्या. "आगाशेबाई हायेत."

"मी मंदाकिनी बोलतेय. कामात आहात का?"

"न्हाई, बोला."

"मला मेसेज आलाय. आज रात्री वीज तोडणार म्हणे. खाली लिंक आहे."

सर्जेरावांनी लेथचं बटण बंद केलं. "बाई, काही दाबू नका. आजिबात दाबू नका."

"तेवढं मला कळतं हो. ‘विज’ ऱ्हस्व लिहिलीय."  "पण वाचून छातीत धस्स झालं. कुणाला सांगावं ते कळेना. ओळखीच्यांना सांगितलं की ते उपदेश करतात."

"माझंबी तसंच हाय," सर्जेराव म्हणाले. "काल गॅसवाल्याचा मेसेज आला तर मी अर्धा तास नुसता बसून व्हतो."

"खरा होता का?"

"खरा व्हता. सिलिंडर आला."

पलीकडं बाई हसल्या की काय ते त्यांना नीट कळलं नाही. "बरं," त्या म्हणाल्या, "मग मी हा खोडून टाकते. तुम्ही फोनवर थांबा तोवर."

सर्जेराव थांबले.